छोट्या लाकडी पार्टसाठी बँडसॉचं ब्लेड : जळतं, भरकटतं, तुटतं, त्याचं काय करायचं

ज्यांच्याकडे टेबलावर मावणारा छोटा बँडसॉ, म्हणजे वर-खाली दोन चाकांवरून फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत, आहे आणि जे त्यावर मॉडेलचे बारीक पार्ट कापतात त्यांचं रडगाणं सगळीकडे एकच असतं. बैलगाडीच्या चाकाचे घेराचे तुकडे कापायला घेतले तर कडा जळून काळ्या, होडीच्या फासळ्या कापायला घेतल्या तर ब्लेड रेघ सोडून भलतीकडे, पातळ तुकडा टेबलाच्या फटीत ओढला जाऊन फाटकन उडाला तो नंतर सापडतच नाही, आणि एवढं सगळं सहन करून ब्लेड तरी टिकतंय म्हणावं तर तेही नाही, थोडे दिवस झाले की खाडकन तुटतं. मग मशीनला शिव्या घालायच्या, स्वस्तातलं घेतलं म्हणून स्वतःला शिव्या घालायच्या आणि नवीन ब्लेड आणायचं ते नेमकं तुटलेल्यासारखंच, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मला विचाराल तर बहुतेक वेळा मशीन ठीकच असतं, ब्लेड कामाला जुळत नसतं. आणि ब्लेड निवडायचं म्हणजे दुकानात जाऊन "बारीक दात्याचं द्या" एवढं म्हणून भागत नाही. तीन गोष्टी ठरवाव्या लागतात आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणाहून येतात. दाते किती हे लाकडाच्या जाडीवरून, पट्टीची रुंदी तुमच्या डिझाइनमधल्या सगळ्यात लहान वळणावरून, आणि पट्टीची जाडी मशीनच्या चाकावरून. पहिल्या दोन गोष्टी लोक विचारतात तरी, तिसरी कोणीच विचारत नाही, आणि सारखं ब्लेड तुटण्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं म्हणून त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

त्याआधी एक फालतू वाटेल अशी तपासणी. नवीन ब्लेड चढवल्यावर अजिबात कापत नाही, नुसता धूर येतो, लाकूड ढकलून ढकलून हात दुखतो, असं असेल तर मशीनची पिन काढा आणि दात्यांची टोकं टेबलाकडे खाली बघतायत का ते बघा. वर बघत असतील तर ब्लेड उलटं बसलंय. नुसतं फिरवून बसवलं तर दाते पाठीमागे जातात, ते आतून बाहेर उलटं करावं लागतं, पायमोजा उलटा करतो तसं. जाड हातमोजे घालून करा, हे काम मशीन बंद असतानाचं आहे म्हणून हातमोजे चालतात, मशीन चालू असताना हातमोजे कधीच नाही.

आता दाते. टीपीआय म्हणजे एका इंचात किती दाते. जुना हिशोब असा की कापताना लाकडाच्या जाडीत एका वेळी कमीत कमी 3 दाते असलेच पाहिजेत, 6 ते 12 असले तर उत्तम, आणि 24 च्या वर नकोत. काढायला सोपं आहे, लाकडाची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, टीपीआयने गुणा, 25 ने भागा. समजा चाकाच्या घेराचा तुकडा 6 मिमी जाडीच्या हळदूचा आहे आणि मशीनसोबत आलेलं ब्लेड आहे 6 टीपीआयचं, जसं बहुतेक वेळा असतं. 6 गुणिले 6 भागिले 25, म्हणजे जेमतेम दीड दाता. म्हणजे एक दाता लाकडात घुसलाय आणि दुसरा अजून धड पोचला नाही, मधल्या खाचेत लाकडाची कड आत घुसते आणि पुढचा दाता तिला कापत नाही, ठोसा मारतो. हे कानाला कळतं. बरोबर ब्लेड असलं की एकसारखी सुंई येते, दाते कमी पडत असले की टरर टरर असा खडखडाट येतो आणि तुकडा बोटाखाली थरथरतो. तुकडा उलटा करून खालची बाजू बघा, रेघेच्या दोन्ही बाजूंना तंतू उचकटून आलेले दिसतील, आणि आडव्या रेषेत, म्हणजे तंतूंना काटकोनात जिथे कापलंय तिथे तर छोट्या छोट्या ढलप्याच निघालेल्या असतात. तेच 14 टीपीआय लावलं की साडेतीनच्या आसपास दाते येतात आणि तोच तुकडा, तेच मशीन, तोच हात, कड अशी येते की पॉलिश पेपरचे दोन हात पुरतात.

म्हणून 6 ते 12 मिमी जाडीच्या कामाला 14 टीपीआय, हे माझं रोजचं ब्लेड. 3 मिमीच्या पट्टीला मात्र 14 पण कमी पडतं, दीड-पावणेदोन दातेच येतात. तिथे 24 टीपीआयचं ब्लेड शोधत बसण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे थर लावणे. 3 मिमीच्या चार पट्ट्या डबल टेपने एकमेकांवर चिकटवा, झाले 12 मिमी, आता 14 टीपीआयचे साडेसहा दाते लाकडात आले आणि चारही फासळ्या एकसारख्या कापून निघाल्या. त्यांच्या वर आणि खाली एकेक टाकाऊ प्लायची पट्टी ठेवली तर ढलप्या निघायच्या त्या टाकाऊ प्लायमधून निघतात. टेप सोडवताना पातळ लाकूड चिरतं, तिथे थोडं थिनर कडेने सोडलं की सुटतं, खिडकी उघडी ठेवा.

पण म्हणून सगळीकडे बारीक दाते बरे असंही नाही, आणि इथे लोक दुसऱ्या टोकाला जातात. सागवानाचा 50 मिमी उंचीचा ठोकळा उभा चिरून त्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या आहेत आणि लावलंय 14 टीपीआय, म्हणजे 28 दाते लाकडात. दोन दात्यांमधली खाच एवढीशी, भुसा त्यात मावत नाही, दाबून बसतो, मग दाते कापायचे थांबतात आणि घासायला लागतात, लाकूड काळं पडतं, ब्लेड गरम होतं, गरम झालं की ढिलं पडतं आणि ढिलं पडलं की पोटात बाक घेऊन वाट्टेल तिकडे जातं. पट्टी वर सरळ दिसते पण काप मधे फुगलेला येतो तो यामुळे. या कामाला 4 टीपीआयचं स्किप दात्याचं किंवा 3 टीपीआयचं हुक दात्याचं ब्लेड पाहिजे, रुंदी 10 मिमी. स्किप म्हणजे एक सोडून एक दाता ठेवल्यासारखी मोठी खाच, दाता सरळ उभा. हुकमध्ये खाच मोठीच पण दाता साधारण 10 अंश पुढे झुकलेला, तो लाकूड स्वतःहून ओढून घेतो. आणि ओढून घेतो म्हणूनच छोट्या पार्टला हुक अजिबात नको, बोटाएवढा तुकडा हातातून कधी हिसकला कळत पण नाही. छोट्या पार्टला साधे रेग्युलर दाते, सरळ उभे.

रुंदीचा प्रश्न वळणाचा आहे. काप जेवढा रुंद तेवढ्याच जागेत पट्टीला वळायला मिळतं, पट्टी रुंद असली की तिची पाठ कापाच्या भिंतीला घासते, तिथेच ते काळं पडणं सुरू होतं. वळण कापतानाच जळत असेल आणि सरळ कापताना नसेल तर दाते बघू नका, रुंदी बघा. साधारण आकडे असे: 3 मिमीचं ब्लेड 5 मिमी त्रिज्येचं वळण घेतं, 5 मिमीचं साधारण 8, 6 मिमीचं 16, 10 मिमीचं 36-37 आणि 12 मिमीचं 63 च्या आसपास. डोळ्यासमोर आणायचं तर दहाचं नाणं घ्या, व्यास 27 मिमी, म्हणजे त्रिज्या साडेतेरा. त्याभोवती 6 मिमीचं ब्लेड एका दमात जाणार नाही, 5 मिमीचं जाईल. सुतार आणि दुकानदार सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा 6 मिमी म्हणजे त्यांच्या भाषेत दोन सुती पट्टी, 3 मिमी म्हणजे एक सुती.

यावरून कोणी म्हणेल मग सरसकट 3 मिमीचंच लावून ठेवतो, सगळी वळणं होतील. नका लावू. ते लवलवतं, सरळ रेघ तर धरतच नाही, जरा जोरात ढकललं की मागे वाकतं, आणि तुटतंही सगळ्यात आधी. बैलगाडीच्या चाकाचं उदाहरण घ्या, दहास एक प्रमाणात केलं तर चाक साधारण 12-14 सेंमीचं, घेराच्या तुकड्याची आतली त्रिज्या 50 मिमीच्या आसपास, त्याला 6 मिमीचं ब्लेड निवांत पुरतं. 3 मिमीचं फक्त जूच्या टोकांना किंवा होडीच्या नाळेच्या वळणाला लागतं. आणि तिथेही आधी बाहेरून रेघेपर्यंत चार-पाच सरळ काप मारून ठेवले, ज्याला रिलीफ कट म्हणतात, तर टाकाऊ भाग तुकड्यातुकड्याने गळून पडतो, ब्लेडला वळायला मोकळी जागा मिळते आणि बऱ्याचदा 6 मिमीवरच काम भागतं. ब्लेड बदलायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी, ही युक्ती सोन्यासारखी आहे. दुसरी युक्ती, ब्लेडच्या पाठीचे दोन्ही काटकोनी कोपरे बारीक ऑइलस्टोनने जरासे गोल करून घ्यायचे. मशीन चालू ठेवून, दगड टेबलावर टेकवून, मागच्या बाजूने हलकेच लावायचा. त्याआधी आतला सगळा भुसा साफ करून घ्या, ठिणग्या पडतात आणि भुसा पेटतो. गोल पाठ वळणात घासत नाही, सरकते.

आता तुटण्याचं. चाकावरून जाताना पट्टी वाकते, चाक सोडलं की सरळ होते, परत खालच्या चाकावर वाकते. माझ्या 9 इंची, म्हणजे 9 इंच व्यासाच्या चाकाच्या, मशीनचं ब्लेड 1575 मिमी लांब आहे, वेग मिनिटाला 800 मीटर धरला तरी ते मिनिटाला पाचशे फेऱ्या मारतं आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकतं, म्हणजे मिनिटाला हजारेक वेळा वाकून सरळ होणं. लोखंडाची तार वाकवून वाकवून तोडतात तोच प्रकार, फक्त हळूहळू. आता वाकण्याचा ताण कशावर ठरतो तर पट्टीची जाडी भागिले चाकाचा व्यास. जुना नियम आहे की जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात एवढ्या पातळ पट्ट्या फार मिळत नाहीत आणि थोडं जास्त चालतं, पण किती जास्त ते बघा. बाजारात सर्रास मिळणारी पट्टी 0.64 मिमी जाड असते. 14 इंची मशीनचं चाक 356 मिमी, 0.64 भागिले 356 म्हणजे हजारी 1.8. हे चालतं, मोठ्या मशीनवाले वर्षानुवर्षं चालवतात. तीच 0.64 ची पट्टी 9 इंची मशीनवर, चाक 229 मिमी, हजारी 2.8. दीडपटीहून जास्त ताण, दर फेरीला, आणि वर टेन्शनचा, म्हणजे पट्टी ताणून बसवल्याचा, ताण आहे तो वेगळा. आणि 0.36 मिमीची पट्टी 9 इंचीवर घेतली तर हजारी 1.6, म्हणजे मोठ्या मशीनच्या पंगतीत येऊन बसली. तुटण्याच्या तक्रारीतल्या बऱ्याच गोष्टी या एका भागाकारात संपतात. दुकानदार चांगला असतो, लांबी बरोबर देतो, रुंदी बरोबर देतो, दाते बरोबर देतो, आणि रोलमधून 0.64 ची पट्टी कापून देतो कारण त्याच्याकडे तीच असते आणि तुम्ही जाडी विचारलेलीच नसते. मायक्रोमीटर किंवा डिजिटल कॅलिपर सोबत घेऊन जा, लाजू नका.

हे दुखणं आजचं नाहीच म्हणा. बँडसॉचं पेटंट ब्रिटनमध्ये विल्यम न्यूबेरीने 1809 साली घेतलं होतं, पण मशीन काही चाललं नाही, कारण चाकांवरून वाकून वाकून पट्टी नाहीतर तिचा जोड तुटायचा. पुढे 1846 मध्ये फ्रान्समध्ये अॅन पॉलिन क्रेपिन या बाईने पट्टी जोडायच्या पद्धतीचं पेटंट मागितलं, ते पॅरिसच्या पेरिन कंपनीने विकत घेतलं आणि तेव्हा कुठे बँडसॉ खरा कामाला लागला.

जोडावरून आठवलं, ब्लेड तुटलं की फेकू नका, आधी कुठे तुटलंय ते बघा, भिंग असलं तर उत्तम. तुटलेली दोन टोकं जोडावरच असतील, म्हणजे जिथे घासून चकचकीत केलेला किंवा रंग बदललेला पट्टा दिसतो तिथेच, तर वेल्डिंगनंतर जोड नीट मऊ केलेला नाही, तो कडक ठिसूळ राहिलाय, दुकानदाराला दाखवा, चांगला दुकानदार परत जोडून देतो. दुसरीकडे कुठेतरी तुटलं असेल आणि चीर दात्याच्या खाचेतून सुरू झालेली दिसत असेल, बाकीच्या खाचांमध्येही केसासारख्या बारीक चिरा असतील, तर तो थकवा आहे, पट्टी चाकाला जाड पडतेय किंवा टेन्शन फार आहे. आणि चीर पाठीकडून सुरू झाली असेल तर तुम्ही फार जोर लावताय किंवा बोथट ब्लेडने ओढत बसलाय, पट्टीची पाठ मागच्या बेअरिंगवर सतत दाबली जातेय. तीन जागा, तीन वेगळी कारणं, आणि नवीन ब्लेड आणण्याआधी दोन मिनिटांत कळतात. पूर्ण तुटायच्या आधी सूचना पण मिळते, मशीन रिकामं चालवताना ठराविक वेळाने टिक टिक असा आवाज यायला लागतो. तो आला की लगेच बंद करा, पिन काढा आणि हाताने चाक फिरवत चीर किंवा वर आलेला जोड शोधा. "बघू चालतंय तोवर" करू नका.

नवीन ब्लेड घेताना जोडाची परीक्षा दुकानातच होते. पट्टीचा जोडाचा भाग दोन्ही हातांनी धरून साधारण मशीनच्या चाकाएवढ्या गोलाईत वाकवा. सगळीकडे सारखा गोल आला तर ठीक, जोडापाशी सरळ राहिला तर तो कडक आहे, जोडापाशी टोकदार कोन झाला तर फार मऊ. मग बोट पाठीवरून फिरवा, दात्यांवरून नाही, पायरी लागता कामा नये. पाठ जोडापाशी वाकडी असली की ब्लेड प्रत्येक फेरीला पुढेमागे उडी मारतं आणि कापलेल्या कडेवर ठराविक अंतराने रेषा उमटतात, त्या पॉलिश पेपरने घासत बसायला लागतं आणि माणूस दोष देतो दात्यांना.

बायमेटलचा, म्हणजे दोन धातू जोडून केलेल्या ब्लेडचा, मोह पण होतो, दात्यांना एम 42 नावाचं स्टील, त्यात 8 टक्के कोबाल्ट, टिकतं जास्त हे खरंच आहे. पण त्या पट्ट्या बहुतेक 0.64 नाहीतर 0.9 मिमीच्या येतात, छोट्या चाकावर दाते धारदार राहतात आणि पाठ तुटते, काय उपयोग. 9 इंचीवर साधं कार्बन स्टील, पातळ, आणि बोथट झालं की बदलायचं. लाकडासाठी म्हणून 14 टीपीआय मिळालं नाही तर लोखंड कापायचं कार्बन स्टीलचं 14 टीपीआय घ्या, दाते रेग्युलर आणि रेकर सेट, म्हणजे एक दाता डावीकडे वाकवलेला, एक उजवीकडे आणि एक सरळ, लाकडात ते छान चालतं. पत्रा कापायच्या बारीक ब्लेडमध्ये दाते लाटेसारखे झोकात वाकवलेले असतात ते मात्र लाकडाला नको, भुशाने बुजतं.

ब्लेड बरोबर आहे तरी भरकटतंय, असंही होतं. मग गाइड, म्हणजे पट्टीला बाजूंनी आणि मागून आधार देणारे ठोकळे किंवा बेअरिंग, बघा. क्रम असा ठेवा, आधी टेन्शन, मग चाकावर पट्टी मधोमध चालतेय का ते, मग बाजूचे गाइड, शेवटी मागचं बेअरिंग. उलट क्रमाने केलं की सगळं परत करावं लागतं. छोट्या मशीनवरची टेन्शनची पट्टी किंवा आकडे मी तरी मानत नाही, वरचा गाइड पूर्ण वर घेऊन पिन काढून बोटाने मधोमध बाजूने बेताने दाबायचं, 5-6 मिमी हललं तर ठीक. बाजूच्या गाइडमध्ये साध्या कागदाएवढी फट, आणि गाइडची पुढची कड दात्यांच्या खाचेच्या जरा मागे, दात्यांना लागली की सेट, म्हणजे दात्यांचा बाजूचा बाक, दबून जातो आणि ब्लेड गेलंच म्हणून समजा. मागचं बेअरिंग अर्धा मिमी मागे, रिकामं चालताना फिरायला नको, कापताना फिरायला पाहिजे. कापताना वरचा गाइड लाकडाच्या वर 5-6 मिमी, जास्त नाही, याने भरकटणंही थांबतं आणि बोटंही वाचतात.

3 मिमीच्या ब्लेडला लोखंडी गाइड किंवा बेअरिंगवाले गाइड चालत नाहीत, पट्टी एवढी अरुंद की गाइड दात्यांवरच येतो. तिथे बाभळीचे किंवा शिसमाचे छोटे ठोकळे गाइडच्या मापाचे करायचे, तेल मुरवायचं आणि पट्टीला दोन्ही बाजूंनी टेकवूनच बसवायचे, दात्यांसकट. लाकूड झिजतं, दाते वाचतात. झिजले की टोक घासून परत सरळ करायचं.

ब्लेड ठराविक एकाच बाजूला जात असेल, समजा नेहमी डावीकडे, आणि गाइड वगैरे बरोबर असेल, तर डावीकडचे दाते जास्त बाहेर किंवा जास्त धारदार आहेत. त्याच बाजूने चालत्या ब्लेडला बारीक ऑइलस्टोन अगदी हलका एकदा लावा आणि परत कापून बघा. हलका म्हणजे खरंच हलका, दोनदा जोरात लावलात तर उजवीकडे जायला लागेल.

तुकडा फटीत जाणं हे ब्लेडचं काम नाही पण ब्लेड बदलून लोक ते सोडवायला बघतात म्हणून लिहितो. टेबलाच्या मधल्या चकतीची फट मोठी असते, 4 मिमीचा पार्ट तिच्यात तिरपा होऊन अडकणारच. 4 मिमी प्लाय किंवा एमडीएफचा टेबलाएवढा तुकडा घ्या, मशीन चालू करून समोरून ब्लेडमध्ये मधोमध येईपर्यंत ढकला, तिथेच मशीन बंद करा आणि तो तुकडा क्लॅम्पने टेबलाला बांधून टाका. आता फट ब्लेडएवढीच राहिली, पार्टला खालून पूर्ण आधार, खालच्या बाजूच्या ढलप्याही जवळजवळ बंद. ब्लेड बदललं की नवीन तुकडा, जुन्याची फट रुंद झालेली असते.

आणि पार्ट शक्य तेवढा वेळ मोठ्या फळीला जोडलेलाच ठेवा. फळीच्या टोकाला वळणं, खाचा, सगळं कापून घ्या आणि शेवटचा काप तेवढा तो पार्ट वेगळा करणारा. बोटं ब्लेडपासून चार बोटं लांब राहतील एवढी फळी हातात असली पाहिजे, त्यापेक्षा लहान तुकडा धरायचा असेल तर लाकडी हँडस्क्रू क्लॅम्पमध्ये धरा. सगळ्यात जास्त फसवणारं काम म्हणजे गोल काठीच्या चकत्या, चाकाच्या मधल्या तुंब्यासाठी किंवा बाहुल्यांसाठी काढतात त्या. गोल काठी नुसती हातात धरून बँडसॉवर आडवी कापायची नाही, ब्लेड लागल्या लागल्या ती गरकन फिरते, ब्लेड अडकतं, पट्टी मुरडते नाहीतर तुटते आणि हात आत ओढला जातो. व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात बसवा, क्लॅम्प करा आणि मग ठोकळ्यासकट ढकला.

लाकडाचं पण थोडं बघा. हळदू, शिवण, आंबा यांच्यावर बारीक पार्ट छान निघतात, हळदूचे तंतू बारीक आणि एकसारखे त्यामुळे मला तो सगळ्यात आवडतो, वखारीत तुकडे मागितले तर कुणी ना कुणी देतं, पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटला थोडं फिरावं लागतं. पांगारा सावंतवाडीच्या खेळण्यांमुळे सगळ्यांना माहीत, हलका आणि मऊ, पण एवढा मऊ की दाते कमी पडले तर कापण्याऐवजी चोळामोळा होतो, तिथे 14 च पाहिजे आणि तेही धारदार. सागवानात तेल असतं ते दात्यांवर चिकट थर धरतं, बोथट झालं म्हणून फेकलेलं ब्लेड कित्येकदा नुसतं चिकट झालेलं असतं, काढून रॉकेल किंवा कपडे धुवायच्या पावडरच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून वाळवा, मग ठरवा. सागवान आणि शिसम दोन्हींचा भुसा काही जणांना बाधतो, अंगाला खाज, नाकाला त्रास, मास्क लावाच.

दुकानात चिठ्ठी लिहून न्या, तोंडी सांगू नका. माझी चिठ्ठी अशी: लांबी 1575, रुंदी 6, जाडी 0.36, 14 टीपीआय रेग्युलर, रेकर सेट. तशीच 3 मिमीची एक, आणि ठोकळे चिरायला 10 मिमी 4 टीपीआय स्किपची एक, जाडी तीच. एवढी तीन ब्लेडं असली की मॉडेलचं बहुतेक सगळं काम होतं. लांबी माहीत नसेल तर चाकाचा घेर अधिक दोन्ही चाकांच्या मध्यातल्या अंतराची दुप्पट, टेन्शनचा स्क्रू अर्ध्यावर ठेवून मोजा. मुंबईत नागदेवीला रोलमधून कापून जोडून मिळतं, 0.36 पहिल्या दुकानात मिळेलच असं नाही, दोन-चार दुकानं फिरा, "अहो 0.64 पण चालतं" असं ऐकायला मिळेल, तेव्हा वरचा भागाकार आठवा आणि पुढच्या दुकानात जा.

3 मिमीपेक्षा पातळ एकच पार्ट असेल किंवा आतलं भोक कापायचं असेल, जसं खिडकीची जाळी, तर बँडसॉ सोडा आणि बारीक ब्लेड वरखाली हलणारी स्क्रोल सॉ नाहीतर साधी हाताची फ्रेट सॉ घ्या. बँडसॉने आतलं भोक कापता येतच नाही असं नाही, लोखंडाच्या कामात भोक पाडून, पट्टी तोडून, भोकातून ओवून मशीनवरच परत वेल्ड करतात, पण त्यासाठी मशीनलाच वेल्डर जोडलेला असतो, आपल्या टेबलावरच्या मशीनचं ते काम नाही.

काम संपलं की टेन्शन ढिलं करून ठेवा, नाहीतर पट्टी आणि चाकावरचे रबरी टायर दोन्ही एकाच जागी दबून बसतात. मशीनवर मी "टेन्शन ढिलं आहे" अशी चिठ्ठी लटकवून ठेवतो, कारण ढिल्या ब्लेडवर कोणी चालू केलं तर पट्टी चाकावरून उतरते. आणि हे सगळं करूनही ब्लेड थरथरत असेल तर खालच्या चाकाचा टायर बघा, तिथे भुसा दाबून दाबून घट्ट ढेकळं झालेली असतात, पिन काढून लाकडी पट्टीने खरवडा.